पातीच्या कांद्याचे बुडखे ग्लासात सडतात तेव्हा : काय तपासावे आणि कोणत्या क्रमाने

भाजीसाठी पातीचा कांदा चिरल्यावर मुळांसकट जो पांढरा बुडखा उरतो, तो पाण्यात ठेवला की त्याला पुन्हा पात फुटते, हे आता बहुतेक घरांत ठाऊक आहे. पहिले चार दिवस त्याच्या कौतुकात जातात आणि पाचव्या दिवशी ओट्यावर वास सुटतो. नागपुरातील आमच्या इमारतीत असे बिघडलेले ग्लास माझ्या दाराशी इतक्या वेळा आले आहेत, आणि त्याआधी माझे स्वतःचे इतके बुडखे कचऱ्यात गेले आहेत, की आता ग्लास हातात घेताच काय चुकले असेल याचा अंदाज येतो. तरीही अंदाजावर न जाता मी दर वेळी त्याच क्रमाने तपासते, आणि तो क्रम येथे लिहीत आहे.

लक्षणे

सर्वांत जास्त आढळणारे लक्षण म्हणजे बुडख्याचा खालचा भाग तीन-चार दिवसांत बुळबुळीत होतो, पाणी गढूळ होते आणि त्याला कुजक्या कांद्याचा उग्र दर्प येतो. काही ग्लासांत मधून हिरवा कोंब निघतो, बोटभर वाढतो आणि मग पिवळा पडून आडवा होतो. काहींत मुळे पांढरी, लांब आणि सुरेख वाढतात, पण वरून काहीच हलत नाही. पहिली कापणी उत्तम, दुसरी बरी आणि तिसऱ्या वेळी मात्र पात दुर्वेसारखी बारीक, फिकट आणि चवीला पाणचट, ही तक्रार टिकून प्रयत्न करणाऱ्यांची असते. याशिवाय पातीची टोके तपकिरी होऊन वाळणे, पातीवर चंदेरी ओरखडे उमटणे, ग्लासाच्या आतून हिरवे शेवाळ धरणे, आणि कुंडीत लावलेल्या कांद्यातून एकदम जाड, पोकळ दांडा वर येणे, ही लक्षणेही अधूनमधून दिसतात.

लक्षण कोणतेही असो, तपासणी फुकटच्या गोष्टींपासून सुरू करावी. या कामात खरा रोग फार क्वचित निघतो. बहुतेक बिघाड पाण्याच्या पातळीत, सुरीच्या घावात किंवा ठेवण्याच्या जागेत असतात, आणि ते कळण्याआधीच लोक बाजारातून औषधाची बाटली आणून मोकळे होतात.

आधी नाक आणि बोट

बुडखा पाण्यातून बाहेर काढावा, नळाखाली धरावा आणि अंगठा व तर्जनी यांच्या चिमटीत मुळांच्या अगदी वरचा भाग हलकेच दाबून पाहावा. तो भाग टणक असेल आणि केवळ बाहेरचे एखादे आवरण बुळबुळीत झाले असेल, तर तेवढे आवरण सोलून टाकून बुडखा पुन्हा वापरता येतो. चिमटीत तो भाग पिकलेल्या केळ्यासारखा दबला, तर मात्र त्यावर पुढचा कोणताही उपाय करू नये, कारण मुळे आणि पात ज्या चकतीतून फुटतात ती चकतीच विरघळलेली असते.

ही तपासणी पहिली ठेवण्याचे कारण असे की एक सडलेला बुडखा त्याच ग्लासातील बाकी चारांना घेऊन जातो. मऊ कूज करणारे जिवाणू पाण्यातून सहज पसरतात आणि आपल्याकडच्या उष्ण हवेत त्यांची वाढ झपाट्याने होते. म्हणून दबणारा बुडखा काढून टाकावा, उरलेल्यांची मुळे वाहत्या पाण्याखाली चोळून धुवावीत आणि ग्लास भांड्यांच्या साबणाने आतून घासावा. ग्लास नुसता विसळल्याने काचेवरचा चिकट थर निघत नाही आणि नवे पाणी संध्याकाळपर्यंत पुन्हा गढूळ होते.

पाण्याची पातळी

गेल्या उन्हाळ्यात शेजारच्या काकू सकाळी सातलाच ग्लास घेऊन आल्या आणि दारातच म्हणाल्या, “रोज पाणी बदलून राहिली नं मी, तरी सडूनच राहिलं! आता काय करू, सांगा बरं.” पाणी त्या खरोखरच रोज बदलत होत्या. परंतु ग्लास काठोकाठ भरलेला होता आणि सहाही बुडखे त्यात मानेपर्यंत बुडालेले होते, जणू फुलदाणीत गुलाब ठेवावेत तसे.

कांद्याचा पांढरा भाग म्हणजे एकावर एक चढलेल्या पानांची आवरणे असतात. त्या थरांच्या फटींत पाणी शिरले की तेथे हवा पोहोचत नाही आणि कूज आतून सुरू होते. मुळांना पाणी हवे असते, पण त्यांना श्वासही घ्यायचा असतो, आणि पाणी जितके गरम तितका त्यात विरघळलेला प्राणवायू कमी असतो. २० अंश सेल्सिअस तापमानाच्या एक लिटर स्वच्छ पाण्यात सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, तर ३५ अंशांना तो सुमारे ७ मिलिग्रॅमवर येतो. म्हणूनच डिसेंबरात जी चूक खपून जाते तीच एप्रिलमध्ये ग्लास सडवते, आणि “मागच्या खेपेला तर असेच ठेवले होते, तेव्हा काही झाले नाही” असे ऐकायला मिळते.

पाणी केवळ मुळांपुरते, म्हणजे तळापासून एक ते दीड सेंटिमीटर असावे आणि पांढरा भाग कोरडा राहावा. हे रोज नजरेने सांभाळणे कंटाळवाणे होते, म्हणून मी ग्लासाच्या बाहेरून नेलपॉलिशने एक आडवी रेघ ओढून ठेवली आहे. त्याहून चांगली युक्ती दह्याच्या प्लॅस्टिकच्या डब्याची. डब्याच्या झाकणाला तापवलेल्या सळईने करंगळीएवढी भोके पाडावीत, प्रत्येक भोकात एक बुडखा असा अडकवावा की तो खाली घसरणार नाही, आणि डब्यात इतकेच पाणी घालावे की लोंबणारी मुळे त्यात बुडतील. पांढऱ्या भागाला पाणी लागण्याचा प्रश्नच उरत नाही, आणि डबा अपारदर्शक असल्याने शेवाळही धरत नाही. काकूंच्या सहापैकी चार बुडखे वाचले ते याच डब्यात. ग्लासच वापरायचा असेल, तर त्याभोवती वर्तमानपत्राचा कागद गुंडाळून रबरबँड लावावे. शेवाळ स्वतः पात मारत नाही, पण ते मेले की त्याच पाण्यात कुजते.

सुरी कोठे चालली

मुळे उत्तम वाढत आहेत आणि वरून काहीच फुटत नाही, अशा वेळी दोष पाण्याचा नसून चिरणाऱ्या हाताचा असतो. कांद्याची पात टोकाकडून वाढत नाही, ती बुडातून वाढते. मुळांच्या चकतीच्या लगेच वर, पांढऱ्या आवरणांच्या मधोमध, वाढीचा कोंब दडलेला असतो आणि नवे पान तेथून वर सरकते. काटकसरीने पांढरा भाग अगदी मुळांपर्यंत चिरून भाजीत घातला, तर तो कोंबही भाजीत जातो. मग उरलेली चकती मुळे सोडत राहते, पण पान द्यायला तिच्याजवळ काहीच नसते.

हे स्वतः पाहायचे असेल, तर नीट कापलेल्या बुडख्याच्या कापावर संध्याकाळी नजर टाकावी आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा पाहावी. बाहेरची वलये होती तेथेच राहतात आणि मधले वलय दुर्बिणीच्या नळीसारखे थोडे वर आलेले दिसते. ते वर आले असेल, तर कोंब शाबूत आहे. पाच दिवसांत मधले वलय जागचे हलले नाही, तर तो बुडखा टाकून द्यावा. आणखी वाट पाहून काही निष्पन्न होत नाही.

पहिल्या वेळी मुळांच्या वर तीन ते पाच सेंटिमीटर, म्हणजे साधारण दोन बोटे, पांढरा भाग राखावा. पुढच्या कापणीत पांढऱ्याला हात न लावता त्याच्या वर दोन-तीन सेंटिमीटर हिरवी पातही ठेवावी, कारण ती उरलेली हिरवी पातच सूर्यप्रकाशावर पुढचे पान घडवण्यासाठी अन्न तयार करते. सुरी धारदार असावी. बोथट सुरीने किंवा हाताने खुडल्यास पात चेचली जाते आणि त्या चेचलेल्या जागेवरून कूज खाली उतरते.

नेहमीच्या वाळलेल्या कांद्याचे बूड लावणाऱ्यांनी ते तीन सेंटिमीटर जाड कापून काही तास सावलीत सुकू द्यावे आणि पाण्याऐवजी थेट मातीवर ठेवावे. ओल्या कापासह पाण्यात ठेवलेले असे बूड फार लवकर सडते. टोपलीतल्या कांद्याला आपोआप मोड आले असतील, तर तो न चिरता अख्खा लावणे हेच उत्तम.

कोणते पाणी आणि किती वेळा

हिवाळ्यात एक दिवसाआड आणि मार्च ते जून रोज पाणी बदलावे. यात पातीच्या आरोग्याइतकाच डासांचाही प्रश्न आहे. डेंग्यू पसरवणारा डास घरातल्या स्वच्छ, साचलेल्या पाण्यातच अंडी घालतो आणि अंड्यापासून उडता डास होण्यास साधारण आठवडा ते दहा दिवस पुरतात. कूलरची टाकी आठवड्याला रिकामी करणारी घरेही खिडकीतल्या या ग्लासाकडे दुर्लक्ष करतात.

पाण्याचा प्रकार विचारल्याशिवाय मी टोके जळण्याच्या तक्रारीचे उत्तर देत नाही. नागपुरात या तक्रारीमागे बरेचदा कूलर असतो. कूलरमधील पाणी वाफ होऊन उडते, पण त्यातील क्षार खाली राहतात. वरून नवे पाणी पडत राहते आणि टाकीत क्षारांचे प्रमाण वाढत जाते. तेच पाणी “वाया का घालवायचे” म्हणून झाडांना घातले, की पातीची टोके तपकिरी होतात. पाणी शुद्ध करणाऱ्या आरओ यंत्राच्या नळीतून बाहेर टाकले जाणारे पाणीही याच जातीचे आहे. दोन्ही फरशी पुसायला वापरावे, कांद्याला नको. ज्या इमारतीत बोअरवेलचे जड पाणी येते, तेथे पिण्यासाठी येणारे महापालिकेचे पाणी या एवढ्याशा ग्लासाला द्यायला हरकत नाही. त्यातील क्लोरिनला घाबरण्याचे कारण नाही. समाधानासाठी रात्रभर उघड्या भांड्यात ठेवले तरी पुरते.

आणखी एक गोष्ट, जी मला स्वतःला दोन उन्हाळे उलगडली नव्हती. मे महिन्यात गच्चीवरच्या टाकीतून दुपारी येणारे पाणी हाताला चटका देते. मी दुपारी भांडी घासताना त्याच नळाखाली ग्लास भरत होते आणि मुळे का मरतात याचा शोध मात्र पाण्याच्या बाटलीपासून मुंग्यांपर्यंत सगळीकडे घेत होते. आता पाणी सकाळी सहाला बदलते, किंवा माठातले घेते.

जागा, ऊन आणि नवतपा

स्वयंपाकघरातील ओटा ही बहुतेकांची पहिली पसंती असते आणि ती बहुतेक वेळा चुकीची असते. गॅसच्या शेगडीजवळ पाणी कोमट राहते, फ्रीजच्या वर यंत्राची उष्णता लागते आणि दोन्हीकडे उजेड अपुरा पडतो. अंधारात पात उजेडाच्या शोधात लांब, फिकट आणि लेचीपेची वाढते, मग स्वतःच्याच भाराने आडवी पडते. पिवळा पडून लोळणाऱ्या कोंबाची तक्रार आली, की मी प्रथम ग्लास कोठे ठेवला आहे ते पाहायला जाते, कारण फोनवर प्रत्येक जण “उजेडातच आहे” असे सांगतो.

पूर्वेकडची खिडकी किंवा गॅलरी सर्वांत चांगली. नोव्हेंबर ते फेब्रुवारी चार-सहा तासांचे थेट ऊन पातीला मानवते आणि थंड हवेत ती इतकी जोमाने येते, की आठ-दहा दिवसांत वीतभर पात कापायला मिळते. मार्चपासून सकाळी नऊ-दहापर्यंतचे ऊन पुरेसे आहे. पश्चिमेची भिंत दुपारभर तापते आणि मध्यरात्रीपर्यंत उष्णता ओकत राहते, त्यामुळे तेथे हिरवी जाळी लावूनही फारसा उपयोग होत नाही.

मे महिन्याच्या उत्तरार्धात येथे पारा ४५ अंशांच्या आसपास किंवा त्यावरही जातो आणि २५ मेच्या सुमारास नवतपा, म्हणजे सर्वांत कडक उन्हाचे नऊ दिवस, सुरू होतो. कांद्याची पात थंड हवेची. तीस अंशांच्या पुढे तिची वाढ मंदावते आणि चाळिसाच्या पुढे ती केवळ तग धरण्याच्या मागे असते. या दिवसांत पात वाढत नसेल तर काहीही बिघडलेले नाही, आणि काहीही दुरुस्त करण्यासारखे नाही. मी एप्रिलच्या मध्यापासून मृग नक्षत्र लागेपर्यंत नवे बुडखे ठेवतच नाही. कूलरच्या गार झोतासमोर ग्लास ठेवणारी हौशी माणसेही मला माहीत आहेत. झोताने पात वाळते आणि घरातल्या माणसांची हवा अडते, इतकेच त्यातून साध्य होते.

जुडी विकत घेतानाच

घरातले सर्व काही ठीक असूनही दर वेळी बुडखे सडत असतील, तर जुडी बदलून पाहावी. खर्च एका जुडीचा. बाजारात पातीच्या कांद्यावर दिवसभर पाणी शिंपडतात आणि वर ओले पोते झाकतात, त्यामुळे जुडीच्या मध्यभागी, सुतळीच्या घट्ट बांधणीखाली, कूज घरी येण्याआधीच सुरू झालेली असते. मी सक्करदऱ्याच्या बुधवार बाजारात जाते तेव्हा सकाळी जाते, जुडी उलटी करून मुळे पाहते आणि सुतळीपाशी नाक नेते. भाजीवालीला हे आवडत नाही. सांबार, म्हणजे आपली कोथिंबीर, तिच्याकडूनच घेतली की ती विसरते.

मुळे निदान अर्धा सेंटिमीटर तरी शिल्लक असावीत आणि चकती पांढरी असावी. काही विक्रेते जुडी स्वच्छ दिसावी म्हणून मुळे चकतीसकट छाटतात. अशी जुडी भाजीला उत्तम, लावायला निरुपयोगी. घरी आल्यावर सुतळी लगेच सोडावी.

तिसऱ्या कापणीची बारीक पात : भूक

येथपर्यंतच्या गोष्टी फुकट होत्या. यापुढे कुंडी, माती आणि थोडे कष्ट लागतात, म्हणून हा उपाय मी शेवटाकडे ठेवते, पण ज्यांना महिनाभर पात हवी आहे त्यांना तो टाळता येत नाही.

साध्या पाण्यात पातीला लागणारे नत्र जवळजवळ नसते. पहिली कापणी बुडख्यात साठलेल्या अन्नावर येते, दुसरी त्याच्या उरल्यासुरल्या शिल्लकीवर येते, आणि तिसऱ्या वेळी घरात धान्य संपलेले असते. कांद्याचा तिखटपणा गंधकाच्या संयुगांमुळे येतो आणि गंधकही मुळांवाटेच यावे लागते, त्यामुळे पाण्यातली पात सौम्य आणि पुढे पाणचट लागते. बेसन पेरून केलेल्या पातीच्या भाजीत हा फरक पहिल्या घासाला कळतो. पाणी वारंवार बदलल्याने, ग्लासात साखर टाकल्याने किंवा चहाचा चोथा घातल्याने ही उणीव भरून येत नाही. साखरेने आणि चोथ्याने पाणी मात्र लवकर सडते.

म्हणून माझा नियम असा, की पाण्यात एकच कापणी घ्यावी, फार तर दोन, आणि मुळे चार-पाच सेंटिमीटर झाली की बुडखे मातीत हलवावेत. मुळे फार लांब होऊन एकमेकांत गुंतल्यावर हलवल्यास ती तुटतात.

मातीबाबत नागपूरकरांनी विशेष काळजी घ्यावी लागते, कारण आपल्या हाताशी असते ती काळी माती. शेतात ती सोने आहे. कुंडीत एकटी वापरली तर ती ओली असताना चिकट गोळा होते आणि वाळताना आक्रसून कुंडीच्या कडेपासून सुटते. मग वरून घातलेले पाणी त्या फटीतून सरळ खाली निघून जाते, कुंडीखाली थारोळे दिसते आणि आपल्याला वाटते की भरपूर पाणी झाले, जेव्हा मधला गोळा कोरडाच असतो. पावसाळ्यात याच्या उलट, तोच गोळा आठ-आठ दिवस ओला राहतो आणि बुडे कुजतात. यासाठी एक भाग काळी माती, एक भाग चांगले कुजलेले शेणखत किंवा गांडूळखत आणि एक भाग जाडसर रेती असे मिश्रण करावे. रेती धुऊन घ्यावी. शेणखत हातात घेतल्यावर त्याला शेणाचा नव्हे तर ओल्या मातीचा वास आला पाहिजे. कच्चे शेण मुळे जाळते.

कांद्याची मुळे उथळ असतात, त्यामुळे पंधरा सेंटिमीटर खोलीची कुंडी, जुना टब किंवा थर्माकोलचे खोके चालते, मात्र तळाला भोके हवीतच. बुडखे चार-पाच सेंटिमीटर अंतरावर, पांढरा भाग अर्धा मातीत आणि अर्धा वर राहील असे लावावेत. बोट पेरभर मातीत घालून पाहावे आणि तेथे कोरडे लागले तरच पाणी घालावे. “रोज एक तांब्या” हा नियम डिसेंबरात जास्त होतो आणि मेमध्ये कमी पडतो. प्रत्येक कापणीनंतर मूठभर गांडूळखत वरून पसरावे. युरियाची चिमूट टाकण्याचा मोह होतो, पण छोट्या कुंडीत ती चिमूट मुळे भाजायला पुरते.

थंडीत कुंडीतल्या कांद्यातून पोकळ, जाड दांडा आणि त्यावर टोपी घातल्यासारखी कळी आली, तर त्याला डेंगळे म्हणतात. हा रोग नव्हे. कांदा मूळचा द्विवर्षायू आहे. थंडीचा इशारा मिळाला की तो बियाण्याच्या तयारीला लागतो आणि पात राठ होत जाते. दांडा कोवळा असतानाच खालून कापून भाजीत घालावा. त्या कांद्याकडून नंतर फार अपेक्षा ठेवू नये.

किडी आणि डाग

पातीवर चंदेरी, ओरखडल्यासारखे ठिपके दिसले, तर पांढऱ्या कागदावर पात हलकेच झटकावी. मिलिमीटरभर लांबीचे, पिवळसर, धावणारे जीव दिसले तर ते फुलकिडे. ते पातीचा रस शोषतात, दोन पानांच्या बेचक्यात लपतात आणि कोरड्या, उष्ण हवेत वाढतात. प्रथम दोन-तीन दिवस सकाळी पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने बेचकी धुवावी. एवढ्याने भागले नाही तर एक लिटर पाण्यात पाच मिलिलिटर कडुनिंबाचे तेल आणि द्रव साबणाचे काही थेंब नीट घुसळून सूर्य मावळल्यावर फवारावे. दुपारी तेल फवारल्यास पात करपते. फवारल्यानंतर काही दिवस पात कापू नये, आणि कापल्यावर चांगली धुवावी.

पावसाळ्यात पातीवर लांबट, खोलगट, मध्यभागी जांभळट डाग आले तर तो जांभळा करपा असण्याची शक्यता मोठी असते. डाग पडलेली पात कापून कचऱ्यात टाकावी, खताच्या खड्ड्यात टाकू नये. कुंड्यांमध्ये अंतर ठेवावे आणि पाणी पातीवर न घालता बुडाशी घालावे.

कोठे थांबावे आणि कोणाला बोलवावे

बुडखा दबत असेल, त्याला वास येत असेल किंवा पाच दिवस मधले वलय हलले नसेल, तर तेथेच थांबावे. सडलेल्या बुडख्याला फुटलेली पात वरून कितीही हिरवी दिसली तरी खाऊ नये. पाण्यातली दुसरी कापणी झाल्यावरही थांबावे. बुरशीनाशक किंवा रासायनिक कीटकनाशक आणण्याचा विचार मनात आला, की त्याच क्षणी थांबावे, कारण ही पात आठवड्याभरात कच्चीच ताटात येते आणि शेतासाठीची मात्रा ग्लासासाठी मोजणे घरच्या चमच्याचे काम नाही. नवी जुडी त्या बाटलीपेक्षा स्वस्त पडते.

तज्ज्ञाची गरज खरोखर तीनच प्रसंगी पडते. माती बदलून, नव्या जुडीचे बुडखे लावूनही सलग दोनदा बुडे कुजली, किंवा पातीवरचे डाग गच्चीवरील लसूण आणि इतर भाज्यांवरही दिसू लागले, तर अख्खे रोप मुळांसह आणि मूठभर मातीसह कागदी पिशवीत घालून जाणकाराकडे न्यावे. प्लॅस्टिकच्या पिशवीत नमुना घाम धरतो आणि पोहोचेपर्यंत वेगळ्याच कारणाने कुजतो. आपल्याकडे महाराजबागेलगतचे कृषी महाविद्यालय अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाचेच आहे, आणि अशा प्रश्नासाठी दुकानातील विक्रेत्याच्या सल्ल्यापेक्षा तेथील वनस्पती रोगशास्त्राच्या अभ्यासकाची नजर मी अधिक मानते. जाताना कोणते पाणी घालता, कोणते खत घातले आणि काय फवारले हे कागदावर लिहून न्यावे.

कुंड्यांखालच्या स्लॅबला ओल येऊन खालच्या घराच्या छतावर डाग उमटला असेल, तर कुंड्या इकडून तिकडे सरकवत बसू नये. त्या उचलाव्यात, पाणी बंद करावे आणि वॉटरप्रूफिंग करणाऱ्या मिस्त्रीला बोलवावे.

घरातील कुत्र्याने किंवा मांजराने ही पात चघळली असेल, तर मात्र वाट पाहू नये. कांदा आणि त्याची पात दोन्ही त्यांच्या रक्तातील तांबड्या पेशींना अपाय करतात आणि त्याची लक्षणे कित्येकदा काही दिवसांनी दिसतात. किती खाल्ले आणि केव्हा खाल्ले हे लक्षात ठेवून पशुवैद्यांना त्याच दिवशी दाखवावे. आमच्याकडे मांजर आल्यापासून दह्याचा डबा खिडकीच्या जाळीबाहेर टांगलेला आहे.